‘परसों’चा हिशेब

पुण्याहून नुकतेच बदली होऊन आलेले एक गृहस्थ हैदराबादच्या सुलतान बाजारात शिंप्याच्या दुकानी उभे आहेत, अशी कल्पना करावी. कापड देऊन तीन आठवडे लोटले. सदरा अद्याप शिवलेला नाही. शिंपी मान वर न करताच म्हणतो, ‘अभी परसों तो दिये साब!’ झाले! गृहस्थांचा पारा चढतो. तीन आठवड्यांचे दोन दिवस करणारा हा मनुष्य लबाड आहे, असा निकाल लागतो. आणि पाठोपाठ ‘येथली माणसेच अशी’ हाही. आवाज चढतात, शेजारचे दुकानदार गोळा होतात.

वस्तुतः शिंपी खोटे बोललेला नसतो. दखनी बोलीत ‘परसों’ म्हणजे मोजून परवाचा दिवस नव्हे. मागचा आठवडा, मागचा महिना, प्रसंगी मागचे वर्षही त्यात सामावते. याच बोलीतील ‘नक्को’ हा शब्द मराठीतील ‘नको’वरून आलेला. तो कानी पडला की मराठी माणसाला घरच्यासारखे वाटते, आणि मग बाकीचे शब्दही आपल्याच अर्थाचे असणार, असे तो धरून चालतो. अगदी परकी भाषा असती तर त्याने निदान अर्थ तरी विचारला असता!

माणसाची कृती डोळ्यांत भरते, तिच्यामागची परिस्थिती मात्र दृष्टीआड राहते, हे फ्रिट्झ हायडर या मानसशास्त्रज्ञाने १९५८ साली आपल्या ग्रंथात मांडले. आपल्याला उशीर झाला तर वाटेत गर्दी होती. दुसऱ्याला झाला तर तो बेफिकीर. पुढे १९७७ साली ली रॉस याने या चुकीला मानवी विचारातील मूलभूत चूक ठरविले.

पण ती सर्वत्र सारखी नसते. जोन मिलर या विदुषीने शिकागो आणि म्हैसूर येथील लोकांना ओळखीच्यांच्या वागण्याची कारणे विचारली. तो अभ्यास १९८४ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकन प्रौढ स्वभावाकडे अधिक बोट दाखवीत, तर म्हैसूरचे प्रौढ प्रसंगाकडे आणि नात्यातील कर्तव्याकडे. आठ वर्षांच्या मुलांत मात्र हा भेद फारसा नव्हता. तो वयाबरोबर वाढत गेला. अर्थात, ही दृष्टी माणूस शिकत जातो.

मग पुण्याचे गृहस्थ का चुकले? प्रसंग पाहावयाचा तर तो ठाऊक असावा लागतो. नव्या शहरात तो ठाऊक नसतो, आणि रिकामी जागा संशय भरून काढतो. शिंप्याने उशीर केला, हे खरेच. त्याबद्दल त्याला विचारण्याचा गृहस्थांना पूर्ण अधिकार होता. परंतु भांडण सदऱ्यावरून झालेच नाही. ते झाले लबाडीवरून, आणि ती लबाडी गृहस्थांनीच कल्पिलेली होती.

ते घरी येतात. पत्नी विचारते, ‘अहो, ताईंचा फोन कधी आला होता?’

‘परवाच नाही का आला!’ ते म्हणतात. त्या फोनला महिना होऊन गेलेला असतो.