अंगठा म्हसवडचा, यंत्र कुणाचं?

२०१७ साली सुरू झालेलं प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान ३१ मार्च २०२४ रोजी संपलं. उद्दिष्ट ६ कोटी ग्रामस्थांचं होतं, प्रशिक्षण ६ कोटी ३९ लाखांचं झालं. नियम असा की एका घरातून एकच माणूस, वय १४ ते ६०. वीस तासांचा वर्ग, शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र. उद्दिष्टाच्या पुढे काम गेलं म्हणजे सरकारी भाषेत योजना फत्ते झाली. प्रमाणपत्र घेऊन घरी गेलेल्या बाईच्या हातात दुसऱ्या दिवशी फोन होता की नवऱ्याच्या खिशात, आणि अडलं तर तिनं विचारायचं कुणाला, हे त्या आकड्यातून कळत नाही.

योजना संपते, गाव तिथंच असतं. मधल्या काळात जे शिकवलं, बसवलं, जोडलं ते कुणाच्या ताब्यात जातं, हा प्रश्न घेऊन पाहायला गेलं तर महाराष्ट्रात म्हसवडइतकं बोलकं ठिकाण मला दुसरं दिसत नाही.

सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातलं हे गाव. सिद्धनाथाच्या रथयात्रेसाठी पंचक्रोशीत प्रसिद्ध, एरवी दुष्काळासाठी. पलीकडे सांगली जिल्ह्यातलं आटपाडी, खाली सोलापूरचं सांगोलं. हा सगळा पट्टा पर्जन्यछायेतला. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘माणदेशी माणसं’ लिहून हा मुलूख मराठी वाचकाच्या घरात आणला. मेंढरं, खिल्लार बैल, कोरडी नदी आणि पोटासाठी बाहेर पडलेली माणसं ही त्याची जुनी ओळख. जयप्रकाश नारायणांच्या आंदोलनात घडलेल्या, मुंबईत वाढलेल्या चेतना गाला लग्नानंतर सिन्हा होऊन इथं आल्या आणि इथल्याच झाल्या. त्यांच्या पुढाकारानं १९९७ साली उभी राहिलेली माणदेशी महिला सहकारी बँक ही ग्रामीण बायकांनी ग्रामीण बायकांसाठी चालवलेली देशातली पहिली बँक मानली जाते.

बँकेच्या जन्माची कथा चेतनाताईंनी अनेक व्यासपीठांवर सांगितली आहे. कांताबाई ही रस्त्याकडेला लोखंडकाम करणारी बाई. पावसाआधी पालावर टाकायला प्लॅस्टिकचा कागद घ्यायचा म्हणून तिला रोज थोडे पैसे साठवायचे होते. एवढ्या चिल्लर रकमेचं खातं उघडायला बँक तयार होईना. मग आपलीच बँक काढू असं ठरलं. रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज परत पाठवला, कारण प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. अर्जावर अंगठे होते. त्या निराश होऊन बसल्या नाहीत. साक्षरतेचे वर्ग सुरू केले, पाच महिन्यांनी पुन्हा मुंबई गाठली आणि साहेबांनाच म्हणाल्या, मुद्दल सांगा, व्याज तोंडी काढतो. तुमच्या अधिकाऱ्यांनाही कॅल्क्युलेटरशिवाय काढायला सांगा, कोण आधी काढतं ते बघू. परवाना मिळाला.

ही गोष्ट टाळ्यांसाठी सांगितली जाते, आणि टाळ्या मिळतातही. मला तिच्यात दुसरंच काही महत्त्वाचं वाटतं. इथं यंत्राच्या आधी खातं आलं आणि खात्याच्या आधी भागभांडवल. सहकारी बँकेचा सभासद हा लाभार्थी नसतो. त्याच्या नावावर शेअर असतो, सर्वसाधारण सभेत त्याला एक मत असतं आणि उभं राहून हिशेब विचारायचा हक्क असतो. पुढे जे काही डिजिटल म्हणून आलं, ते या मालकीच्या पायावर आलं.

ते कसं आलं हेही पाहण्याजोगं आहे. सुरुवातीला बायका पासबुक घरी न्यायला कचरत. नवऱ्यानं शिल्लक पाहिली की ती शिल्लक राहत नसे. दुसरं म्हणजे बँकेत जायचं तर अर्ध्या दिवसाची मजुरी बुडायची. म्हणून बँकच बाजारात आणि दारात जाऊ लागली. मग प्रतिनिधीच्या हातात यंत्र आलं, पिन नंबरवर चालणारं. बायकांनी ते नापसंत केलं. पिन दुसऱ्याला कळू शकतो, काढून घेता येतो; अंगठा कसा चोरणार? अंगठ्यावर चालणारं यंत्र द्या, ही मागणी त्यांची होती. म्हणजे ज्या अंगठ्यामुळे परवाना अडला होता तोच पुढे कुलपाची किल्ली झाला. चेतनाताईंनी २०१८ साली टेडच्या व्यासपीठावर हा किस्सा सांगताना त्याचा अर्थही सांगितला होता: गरिबांना हलक्या दर्जाचे उपाय देऊ नयेत, त्यांना कळतं.

अंगठ्याचा व्यवहार जवळून पाहिला की त्यातली मेख लक्षात येते. खुरपणी करून, भांडी घासून, ढेकळं फोडून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. उन्हाळ्यात कातडी फाटलेली असते, कांद्याच्या दिवसांत चिकट. बाई अंगठा पदराला पुसते, काचेवर टेकवते, लाल दिवा लागतो. परत पुसते, जरा ओला करते, परत लाल. मग तर्जनी, मग डावा हात. गावातली माहीतगार प्रतिनिधी असेल तर ती घाई करत नाही, काच पुसते, ‘काकू, जरा दाबा’ म्हणते, पावती निघाल्यावर रक्कम मोठ्यानं वाचून दाखवते. परका माणूस असेल तर तो ‘तुमचा ठसा येत नाही’ एवढं सांगून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. यंत्र दोन्हीकडे एकाच कंपनीचं असू शकतं. देशभरात आधारच्या ठशावर चालणाऱ्या सगळ्याच व्यवहारांत ही अडचण आहे, आणि तिच्यावर गावात बहुतेकदा उपाय म्हणजे यंत्रामागचा ओळखीचा माणूसच. योजना संपून हस्तांतर करताना यंत्रांची यादी होते, सह्या होतात. हे ‘जरा दाबा’ कोणत्या यादीत लिहायचं?

यंत्र आधी आणि गरज नंतर असा उलटा प्रवास कुठं झाला, हे पाहायला लांब जायला नको. १९९८ साली वारणा खोऱ्यातल्या कोल्हापूर-सांगलीच्या ७० गावांत ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प आला. केंद्र, राज्य आणि वारणा सहकारी समूह असे तिघांचे पैसे, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची बांधणी. गावोगावी संगणक बसले. घोषणा मोठ्या होत्या: शेतीसल्ला, बाजारभाव, शिक्षण, इंटरनेट. प्रत्यक्षात शेतकऱ्याला त्या डब्याकडून हवं होतं ते एवढंच: उसाचं वजन किती भरलं, तोड कधी, खत किती उचललं, बिल किती. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूच्या संशोधकांनी तिथं ७ गावांत आठ महिने एक साधा प्रयोग केला. संगणकाऐवजी मोबाइल, आणि प्रश्नोत्तरं एसएमएसवर. काम तेच, खर्च कितीतरी कमी. शेतकऱ्यांना ते आवडलंही. वारणेला यात कमीपणा नाही. तिथं निदान साखर कारखान्याचा आणि उसाचा हिशेब होता, म्हणून ते संगणक इतकी वर्षं झाकून ठेवले गेले नाहीत.

ग्रामपंचायतींच्या ‘संग्राम’ केंद्रांची गत मात्र वाईट झाली. २०११ पासून राज्यभरच्या ग्रामपंचायतींत संगणक चालक नेमले. दाखले, नोंदी, ताळेबंद या पोरांनी संगणकावर चढवले. २०१५ च्या अखेरीस तो करार संपला आणि ‘आपले सरकार सेवा केंद्र’ नावाची नवी व्यवस्था आली. पाटी बदलली, कंपनी बदलली. ज्याला गावातल्या प्रत्येक नोंदीची खोड माहीत होती त्या चालकाचं काय, हे शेवटी ठरलं. थकलेल्या मानधनासाठी या चालकांना आंदोलनं करावी लागली. डिजिटल महाराष्ट्राचा इतिहास कुणी लिहील तेव्हा एक प्रकरण या मुलामुलींवर खर्ची घालावं.

म्हसवडमध्येही सगळं बँकेसारखं भक्कम आहे असं नाही. तिथल्या सामुदायिक रेडिओचंच घ्या. २००६ साली केंद्रानं स्वयंसेवी संस्थांना असा रेडिओ चालवायची मुभा दिली आणि २००८ साली ९०.४ वर ‘माणदेशी तरंग वाहिनी’ सुरू झाली. मनोरा तीसेक मीटरचा, ताकद कमी, रेडिओ ऐकू येतो आसपासच्या गावांपुरता. पण त्या गावांचं तो ऐकतोही. दुष्काळात चारा छावणीत आपली जनावरं घेऊन आलेल्या केराबाईंना तिथंच रेडिओची गोडी लागली आणि लिहिता-वाचता न येणारी ही बाई पुढे या वाहिनीवर निवेदक झाली. ज्याला स्मार्टफोन नाही, वाचता येत नाही, त्याच्यापर्यंत फसव्या फोनचा इशारा किंवा खात्याची माहिती पोहोचवायला आजही याच्याइतकं स्वस्त साधन नाही.

आता याचा खर्च. सामुदायिक रेडिओला जाहिरात घेता येते, पण मोजून. आधी तासाला ५ मिनिटं, मग ७, आणि २०२४ पासून १२. सरकारी जाहिरातीचा दर १० सेकंदांना ५२ रुपये होता, तो ७४ झाला. बातम्या स्वतःच्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्याच लावायच्या. गावातला कापडदुकानदार आणि खतविक्रेता महिन्याला किती जाहिरात देणार? वीजबिल, ट्रान्समीटरची दुरुस्ती, चार माणसांचे पगार यातून भागत नाहीत, म्हणून देशातली बहुतेक अशी केंद्रं मातृसंस्थेच्या जिवावर चालतात. रेडिओचा श्रोता मालक नसतो, हे इथं टोचतं. बँकेत शेअर घेता येतो, लहरींमध्ये नाही. माझ्या मते अशा प्रत्येक केंद्रानं गावागावांतून वर्गणीदार श्रोत्यांचं मंडळ बांधायला हवं. रक्कम वर्षाला पन्नास रुपये असली तरी चालेल, पण वार्षिक सभेत त्या श्रोत्याला मत असावं.

फिरत्या उद्योगशाळेची बस या दोन्हींच्या मधली. २००६ साली बायकांसाठी उद्योगाचं शिक्षण देणारी शाळा निघाली आणि पाठोपाठ २००७ मध्ये ती चाकांवर गेली, कारण मुलं, शेरडं आणि सासू सोडून बाई म्हसवडला येऊ शकत नव्हती. आतली बाकं, संगणक, शिकवणारी ताई, सगळं गावाच्या पारापाशी येऊन थांबतं. बसचा मोठा खर्च देणगीदार उचलतात, त्यात मोठ्या बँकाही आहेत. देणगी थांबली तर डिझेल थांबेल. पण बसमध्ये शिकलेल्या बाईचं कर्ज, बचत आणि व्यवहार बँकेत चालू राहतो, म्हणून बस न आल्यानं ती एकटी पडत नाही. निव्वळ प्रशिक्षण देऊन निघून जाणाऱ्या संस्थेला हे साधत नाही.

बँकही सर्वस्वी स्वतंत्र नसते. ३१ जुलै २०२४ रोजी सी-एज या तंत्रज्ञान कंपनीवर खंडणीखोर सायबर हल्ला झाला आणि देशातल्या सुमारे तीनशे छोट्या बँकांचे यूपीआय व एटीएमचे व्यवहार खबरदारी म्हणून तोडावे लागले. दुसऱ्या दिवशी ते पूर्ववत झाले. पण तेवढ्या वेळात सहकारी आणि ग्रामीण बँकांना उमगलं की दुकान आपलं असलं तरी विजेचं मुख्य बटण दुसऱ्याच्या भिंतीवर आहे. मार्च २०२४ मध्ये नागरी सहकारी बँकांची शिखर संस्था सुरू झाली, अशा छोट्या बँकांना एकत्र तंत्रज्ञान मिळवून देणं हेही तिचं काम. माणदेशीसारख्या बँकांनी तिथं केवळ ग्राहक होऊन चालणार नाही. गिऱ्हाइकाच्या झिजलेल्या अंगठ्याची कैफियत त्या टेबलावर मांडणारं दुसरं कोणी नाही.

राहता राहिला माणसांचा वारसा. संस्थापक व्यक्ती जितकी तेजस्वी तितका हा प्रश्न अवघड, आणि चेतना सिन्हा २०१८ मध्ये दावोसच्या जागतिक परिषदेच्या सहअध्यक्षांपैकी एक होत्या; म्हसवडचं नाव त्यांच्या नावाशी जोडलं गेलं आहे. बँकेपुरता हा प्रश्न निम्मा कायद्यानंच सोडवला. २०२० च्या दुरुस्तीनं सहकारी बँकांच्या संचालकांनाही सलग ८ वर्षांची मर्यादा लागू झाली. २०२५ मध्ये ती १० वर्षं झाली. अध्यक्ष आणि पूर्णवेळ संचालक यातून वगळले आहेत, पण बाकीच्या खुर्च्या ठरल्या काळात रिकाम्या कराव्याच लागतात, म्हणजे मागची फळी तयार ठेवावीच लागते. बस किंवा रेडिओ चालवणाऱ्या सामाजिक संस्थांना अशी सक्ती नाही. तिथं विश्वस्त मंडळानं स्वतःहून मुदत घालून घ्यावी लागते. महाराष्ट्रातल्या संस्थांच्या कार्यकारिणीत बसलेल्या प्रत्येकानं पुढच्या वार्षिक सभेत हा ठराव मांडून पाहावा: संचालकांना १० वर्षांची मर्यादा, आणि कार्यकारिणीतल्या निम्म्या जागा त्या संस्थेची सेवा वापरणाऱ्यांसाठी राखीव.