आधी चोखोबा

कार्तिकीला पंढरपुरात उतरलं की माझी आत्या थेट दर्शनबारीकडे जात नाही. महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे, तिथं आधी टेकते. मग नामदेव पायरी. तिच्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडायची. मग बाकीचं सगळं. समाधीपाशी तिचे हात जोडलेले असतात ते जेमतेम क्षणभर. नंतर ती कळसाकडे मान वर करून बोलायला लागते. बोलते म्हणजे भांडते. "दोन वर्सं झाली तुला सांगून. भावकीनं बांध कोरला, नुसत्या तारखा पडत्यात, पाऊस न्हाई. तू करतोस काय रं?" शेजारच्या बायकांना यात वावगं काही वाटत नाही. त्यांचीही आपापली गाऱ्हाणी चाललेली असतात.

लहानपणी मला याची लाज वाटायची. देवापुढं कसं नम्र असावं, डोळे मिटावेत, 'सर्वांना सुखी ठेव' म्हणावं, असं शाळेनं शिकवलेलं. पुढं संतांचं थोडंफार वाचन झालं तेव्हा कळलं, की शाळेपेक्षा आत्याच परंपरेला धरून होती. ज्याच्यावर भरवसा असतो त्याच्याशीच माणूस भांडतो. परक्याशी भांडून उपयोग काय?

या भांडणाऱ्या, हट्ट धरणाऱ्या परंपरेतली तीन माणसं एकाच गावाशी बांधलेली आहेत, हे मात्र माझ्या उशिराच लक्षात आलं. ते गाव म्हणजे मंगळवेढा, पंढरपूरहून २५ किलोमीटरच्या आसपास. एकेकाळी कलचुरींची राजधानी. बिज्जलाच्या पदरी असताना बसवेश्वरांची उमेदीची वर्षं इथंच गेली. आज हे गाव ओळखलं जातं ते ज्वारीसाठी. इथल्या मालदांडीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ती पिकते कशी हे पाहण्यासारखं आहे. जमीन काळी, भारी, प्रदेश पर्जन्यछायेतला. पावसाळा सरत आला की जमिनीत साठलेल्या ओलीवर पेरायचं आणि पुढचे चार महिने त्या ओलीच्याच जिवावर काढायचे. वरून पाणी येईलच असं कोणी धरून चालत नाही. अनिश्चितता हा शब्द इकडं मी कुणाच्या तोंडी ऐकला नाही. "ओल हाय का?" एवढंच विचारतात.

ओल नसली की काय होतं, ते दामाजीपंतांच्या गोष्टीत आहे. पंधराव्या शतकातली गोष्ट. बिदरच्या बहामनी राजवटीतले दामाजीपंत हे मंगळवेढ्याचे अधिकारी, सरकारी कोठारं त्यांच्या ताब्यात. दुष्काळ पडला, माणसं दारात येऊन पडायला लागली, आणि पंतांनी कोठारं उघडली. धान्य बादशहाचं, परवानगी कुणाची नाही. चुगली बिदरला पोचली, पंतांना पकडून आणायला माणसं निघाली. पुढचं मराठी घराघरात माहीत आहे. विठ्ठल महाराचं रूप घेऊन, घोंगडी पांघरून, विठू महार म्हणून दरबारात हजर झाला. थैलीतून मोहरा ओतल्या, धान्याची किंमत चुकती केली आणि पावती मागून घेतली. ती पावती पंतांना त्यांच्या पोथीत सापडली. ही पावती मला फार आवडते. आपल्याकडं चमत्कारालाही कागद लागतो!

पण कीर्तनात पावतीवर टाळ्या पडतात आणि त्याआधीचा क्षण निसटतो. पंतांनी कुलूप काढलं तेव्हा विठू महार कुठंच नव्हता. कुणी स्वप्नात येऊन 'उघड, मी भरतो' असं सांगितलं नव्हतं. समोर भुकेली माणसं, पाठीमागं बिदरचा धाक आणि कमरेला किल्ल्या, एवढंच होतं. त्यांचा विश्वास म्हणतात तो मला मोहरांच्या थैलीत दिसत नाही, किल्ल्यांच्या जुडग्यात दिसतो.

कान्होपात्रेच्या वाट्याला अशी थैलीही आली नाही. ती मंगळवेढ्याच्या श्यामा नायकिणीची मुलगी, रूपानं देखणी. आईचा धंदा नको म्हणाली आणि वारकऱ्यांच्या दिंडीमागून पंढरपूरला निघून गेली. तिच्या रूपाची वार्ता बिदरला गेली, बादशहाचे शिपाई तिला न्यायला आले. एकदा दर्शन घेते म्हणून ती आत गेली आणि देवाच्या पायांवर तिनं प्राण सोडला, अशी कथा आहे. मंदिराच्या आवारातलं तरटीचं झाड तिचं मानतात. १९३१ साली बालगंधर्वांनी 'संत कान्होपात्रा' रंगभूमीवर आणलं आणि तिचे अभंग गावोगाव गेले. त्या अभंगांतला तिचा युक्तिवाद वकिलाला शोभेल असा आहे. मी तुझी म्हणवते, उद्या मला दुसऱ्या कुणी ओढून नेलं तर कमीपणा कुणाला, असा तिचा रोख. विनवणी आहेच, पण देवाला अडचणीत पकडणारी. देवानं तिला वाचवलं असं कीर्तनकार सांगतात. मला ते गळी उतरत नाही. पोर मेली. शिपाई रिकाम्या हातानं परतले हे खरं, पण ते तिच्या मरणानं.

आता तिसरा, काळानं या दोघांच्याही आधीचा. विठू महार बिदरच्या दरबारात जाऊन आला असं ज्या गावानं पुढं कौतुकानं सांगितलं, त्याच गावात १३३८ साली एक खराखुरा महार गावकुसाच्या भिंतीखाली गाडला गेला होता. वेशीजवळ कुसाचं काम चाललेलं, महारांना कामावर धरलेलं. भिंत कोसळली, बरेच मजूर दगावले. त्यांत चोखोबा. नामदेव पंढरपुराहून आले तोवर देह ओळखण्याजोगे राहिले नव्हते. कथा सांगते, की नामदेव एकेक हाड कानाशी नेत गेले, आणि ज्या हाडांतून 'विठ्ठल' ऐकू आलं ती चोखोबांची म्हणून गोळा केली. ती पंढरीला आणून महाद्वारासमोर पुरली. दाराच्या समोर, आत नाही. जिवंतपणी ज्या जागेच्या पुढं जाऊ दिलं नाही, मेल्यावरही तीच जागा.

चोखोबांच्या आख्यायिका नीट ऐकल्या तर त्यांत एकच तक्रार पुन्हापुन्हा येते. देव त्यांना हाताला धरून आत नेतो, आपला हार त्यांच्या गळ्यात घालतो. सकाळी पुजारी चोरीचा आळ घेतात, बैलांना बांधून मारायला निघतात, आणि बैल जागचे हलत नाहीत. चोखोबांच्या घरी देव जेवायला बसतो, दही सांडतं, कुणीतरी चोखोबांच्या थोबाडीत मारतो, आणि गाल सुजतो राउळातल्या मूर्तीचा. गावाबाहेर व्हायला सांगितलं तेव्हा ते चंद्रभागेच्या पलीकडं गेले आणि तिथं त्यांनी दीपमाळ बांधली. देवळात दिवा लावायची बंदी, म्हणून नदीच्या पल्याड. महिपतींनी १७६२ साली 'भक्तिविजय' रचला, त्यात अशा कथा गुंफल्या. चमत्कार बाजूला ठेवले तरी लोकांचा निवाडा त्यांत शिल्लक राहतो. देव आत घ्यायला तयार आहे, अडवणारी माणसं आहेत. आणि अडवलेल्याला मारलं की लागतं ते देवाला.

या घरातली बाकीची माणसंही गप्प बसणारी नव्हती. बायको सोयराबाई, तिनं विटाळाच्या कल्पनेलाच हात घातला. विटाळाविना जन्मलेला देह दाखवा, असं तिचं म्हणणं. तिच्या बाळंतपणाच्या वेळी चोखोबा घरात नव्हते, बहिणीकडं गेले होते, आणि विठ्ठल नणंदेच्या रूपात येऊन सुइणीचं काम करून गेला अशी कथा आहे. बहीण निर्मळा भावाला विचारते, बायकोला अशा अवस्थेत टाकून आलासच कसा? मला ही निर्मळा फार जवळची वाटते. देव येऊन गेला तो गेला, पण भावाची चूक ती पदराखाली घेत नाही.

मुलगा कर्ममेळा तर बापाच्याही पुढं गेला. आपला हीन जन्म हे मागल्या जन्मीचं फळ, अशी समजूत चोखोबांनी काही ठिकाणी घालून घेतलेली दिसते. दलित चळवळीतल्या अनेकांना चोखोबा पुरेसे वाटत नाहीत ते यामुळं, आणि तो आक्षेप खोटा नाही. कर्ममेळा ही समजूत मानत नाही. असल्या जातीत घातलंस आणि वर भक्तीची अपेक्षा करतोस, तुला काही वाटतं की नाही, असा त्याचा सूर. त्या घरात एका पिढीत गाऱ्हाणं होतं, पुढच्या पिढीत जाब आला.

चोखोबांनंतरची सहाशे वर्षं जाब विचारूनही दार बंदच होतं. रमाबाई आंबेडकरांनी पंढरपूरला जायची इच्छा धरली, तेव्हा जिथं दुरूनच पाहावं लागतं त्या पंढरीला कशाला जायचं, आपण दुसरी पंढरी उभी करू, असं बाबासाहेबांनी समजावल्याची आठवण सांगतात. १९३५ साली मे महिन्यात रमाबाई गेल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. त्या दाराशी उभं राहायचंच नाही, हे त्यांचं उत्तर. तरी १९४८ साली अस्पृश्यतेच्या उगमावरचा ग्रंथ त्यांनी ज्या तिघांना अर्पण केला त्यांत नंदनार आणि रविदासांबरोबर चोखामेळा आहेत. वाट मान्य नसलेल्या माणसाचं ऋण मानायला मोठं मन लागतं.

साने गुरुजींनी दाराशीच बसायचं ठरवलं. १ मे १९४७ ला पंढरपुरात त्यांनी उपोषण सुरू केलं, तनपुरे महाराजांच्या मठात. त्याआधी काही महिने महाराष्ट्रभर फिरून गावोगावची देवळं आणि पाणवठे खुले करा म्हणून सांगत होते. १० मे रोजी उपोषण सुटलं आणि विठ्ठलाचं दार उघडायचं ठरलं. काही पुजाऱ्यांनी मूर्तीतलं तेज आधीच घागरीत काढून ठेवलं, असं तेव्हा बोललं गेलं. खरं असेल तर त्या घागरीइतका केविलवाणा नास्तिकपणा दुसरा नाही. देवाचं तेज माणसाच्या सावलीनं जातं, असं ज्याला वाटतं त्याचा देवावर विश्वास कसला?

आणि गाडगेबाबा. आयुष्यभर पंढरीची वारी, पण देवळात जायचे नाहीत. बाहेर झाडू मारायचे, रात्री कीर्तन करायचे. पंढरपुरात त्यांनी धर्मशाळा बांधली तिला नाव चोखामेळ्याचं दिलं, आणि १९४९ साली ती बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेला देऊन टाकली.

गेल्या कार्तिकीला मी आत्याबरोबर होतो. मुखदर्शनाची रांगसुद्धा लांब होती, गुडघे दुखत होते, म्हणून तिनं आत जायचं रहित केलं. समाधीपाशीच बसली. फडक्यात बांधून आणलेली मालदांडीची भाकरी सोडली, वर वाळलेली शेंगदाण्याची चटणी. एक कुटका मोडून कडेला ठेवला.

"आत न्यायची का?" मी विचारलं.

"आत न्हेऊ देत न्हाईत," ती म्हणाली, आणि उरलेली भाकरी खायला लागली. मध्येच कळसाकडं बघून तिनं पुढच्या तारखेची आठवण करून दिली. बुधवारी आहे म्हणाली, सकाळी अकराला.