आवाज येतो, पण शब्द कळत नाही

भोसरी-पिंपरी-चाकण पट्ट्यातील प्रेस शॉप आणि फोर्जिंगच्या खात्यांत आयुष्य काढून निवृत्त झालेल्या अनेकांची तक्रार एकच असते : ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाही.’ घरच्यांना हे दुर्लक्ष वाटते. वस्तुतः वर्षानुवर्षांच्या गोंगाटाने अंतःकर्णातील नाजूक पेशी मरतात आणि प्रथम ४००० हर्ट्‌झच्या आसपासचे ऐकणे जाते. स्वर ऐकू येतात. स, च, ट ही व्यंजने विरतात. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या परिशिष्टात या बहिरेपणाची नोंद होती.

मेंदू मात्र केवळ कानांवर विसंबत नाही. १९७६ मध्ये मॅकगर्क व मॅकडॉनल्ड यांनी दाखवले, की कानांवर ‘बा’ पडत असताना समोरचे ओठ ‘गा’ म्हणत असतील, तर पुष्कळांना ‘डा’ ऐकू येतो! पुढे २००९ मधील एका प्रयोगात ऐकणाऱ्याच्या गालाची त्वचा हलकेच ताणताच त्याला ऐकू येणारा स्वरही बदलला. म्हणजे ऐकताना मेंदू आपल्या तोंडाच्या संवेदनेचाही आधार घेतो.

बोलतानाही तसेच. जीभ टाळूला कोठे टेकली, आवाज कसा आला, याचा पडताळा क्षणोक्षणी घेतला जातो. नवी कवळी बसवली की ‘स’ शिटीसारखा वाजतो, कारण जिभेच्या ओळखीची टाळू बदललेली असते. रोज वर्तमानपत्र मोठ्याने वाचावे. बहुधा काही दिवसांत हिशेब जुळतो.

म्हणून आजोबांशी ओरडून बोलू नका. ओरडण्याने स्वर तेवढे फुगतात, ओठांची ठेवण बिघडते. टीव्ही बंद करून, चेहऱ्यावर उजेड पडेल असे समोर बसा आणि सावकाश, पूर्ण वाक्य बोला. नुसते ओठ पुरत नाहीत. ‘पान’ आणि ‘मान’ ओठांवर सारखेच दिसतात. श्रवणचाचणी करून घ्यावी. यंत्राची लाज बाळगण्याचे कारण मला आजवर समजलेले नाही. चष्म्याची कोण बाळगतो?

एक गोष्ट निराळी. बोलणे अचानक अडखळले, जड झाले किंवा थांबले, तर तो कानाचा वा कवळीचा दोष समजू नये. पक्षाघात असू शकतो. तत्काळ १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि तेही सीटी स्कॅननंतर. पुढे वाचा गेलेला रुग्ण कधी कधी पाठ असलेली आरती मात्र म्हणू शकतो. त्याला सोबत म्हणू द्या, आणि वाचा-उपचारतज्ज्ञांकडे लवकर न्या.