नामावली आली म्हणजे गेम संपला का?

शेवटचा बॉस पडला, नामावली सुरू झाली, की बहुतेक जण गेम संपला असं समजतात. माझ्या मते हा निकष कच्चा आहे. 1997 मध्ये प्लेस्टेशनवर आलेला ‘कॅसलव्हेनिया: सिम्फनी ऑफ द नाइट’ घ्या. त्यातल्या रिक्टर या बॉसला मारलंत की नामावली येते. पण ‘होली ग्लासेस’ घालून लढलात, तर त्याच्याभोवती फिरणारा हिरवा गोळा दिसतो. वार त्या गोळ्यावर केलेत की ज्या किल्ल्यात तोवर खेळत होतात तोच उलटा होऊन आकाशात प्रकटतो आणि आता छतावरून चालायचं असतं! रिक्टरला मारून थांबणाऱ्याने हा सगळा भाग पाहिलेलाच नसतो. 2017 चा ‘निअर: ऑटोमाटा’ पहिल्या नामावलीनंतर तीच कथा दुसऱ्या पात्राच्या बाजूने दाखवतो, आणि पुढची कथा त्याच्याही नंतर सुरू होते.

नोकरी-संसार सांभाळून एवढा वेळ कुठून आणायचा, हा आक्षेप रास्त आहे. पण सगळ्या ट्रॉफ्या गोळा करा, असं मी म्हणत नाही. त्यातल्या पुष्कळशा निव्वळ भरताड असतात. कथेचा शेवट तेवढा गाठा. एखादं पात्र असं का वागलं हे नामावलीपर्यंत कळलं नसेल, तर सेव्ह फाइल पुसू नका. कुठल्या गेमबद्दल अशी शंका असेल तर खाली विचारा, कथा न फोडता सांगेन.