वेबसाईटचे नाव : कसे निवडावे आणि कोणाच्या नावावर घ्यावे?

नंदुरबारची मिरची बाजारपेठ महाराष्ट्राबाहेरही माहीत आहे. हंगामात पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडते आणि तेथून ती दूरदूरच्या बाजारात जाते. या धंद्यात मालाइतकीच नावालाही किंमत असते. अमुक पेढीचा माल म्हटला की परगावचा व्यापारी फोनवरच सौदा पक्का करतो. फर्निचर करणारा कारागीर असो, गादी भरणारा पिंजारी असो वा बेकरीवाला, प्रत्येकाचे गिऱ्हाईक नावावरच टिकलेले असते. हे कमावलेले नाव इंटरनेटवर न्यायचे झाले तर पहिली पायरी म्हणजे डोमेन नाव. आपले अनेक व्यापारी बांधव हे काम वेबसाईट बनवून देणाऱ्यावर सोपवून मोकळे होतात. पण हीच गोष्ट मालकाने स्वतः लक्ष घालून करावी अशी आहे.

डोमेन नाव म्हणजे काय?

इंटरनेटवरील संगणक एकमेकांना आकड्यांनी ओळखतात. हे लांबलचक आकडे माणसाच्या लक्षात राहत नाहीत. म्हणून 1983 साली पॉल मोकापेट्रिस या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने नावावरून आकडा शोधून देणारी व्यवस्था तयार केली. मोबाईलमध्ये आपण नाव दाबतो आणि फोन नंबर लावतो, तसाच हा प्रकार होय.

येथे तीन गोष्टी वेगळ्या ओळखाव्यात. डोमेन नाव म्हणजे दुकानाची पाटी. वेबसाईट ज्या संगणकावर ठेवलेली असते ती जागा म्हणजे भाड्याचा गाळा. त्यावरील फोटो, भाव व मजकूर म्हणजे आतील माल. गाळा बदलला तरी पाटी तीच राहू शकते. तिन्ही गोष्टी एकाच माणसाकडून घेतल्या तरी हिशोब तिन्हींचा वेगवेगळा मागावा.

नाव उजवीकडून वाचावे

उर्दू वाचणाऱ्यांना उजवीकडून डावीकडे वाचण्याची सवय असतेच. डोमेन नाव समजून घेतानाही तसेच वाचावे. नंदुरबार जिल्ह्याच्या सरकारी वेबसाईटचे नाव 'नंदुरबार डॉट जीओव्ही डॉट इन' असे आहे. शेवटचे 'इन' म्हणजे भारत. त्याआधीचे 'जीओव्ही' फक्त सरकारी कार्यालयांनाच मिळते. मग नंदुरबार. सुरुवातीला 'नंदुरबार' असले पण शेवट वेगळा असला, तर ती वेबसाईट सरकारी समजू नये. याच कारणासाठी रिझर्व्ह बँकेने 2025 मध्ये सर्व बँकांना आपली नावे 31 ऑक्टोबरपर्यंत 'बँक डॉट इन' या शेवटाखाली नेण्यास सांगितले होते. फसवणुकीपासून वाचायचे तर नावाचा शेवट आधी पाहावा.

कोणता शेवट घ्यावा?

'कॉम' हा शेवट 1985 पासून चालू आहे आणि तो लोकांच्या तोंडी बसलेला आहे. 'इन' हा भारताचा शेवट असून 2005 पासून तो सर्वांना मोकळेपणाने मिळू लागला. त्याची व्यवस्था निक्सी, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, ही संस्था पाहते. ज्याचे गिऱ्हाईक देशातच आहे त्याला 'इन' पुरेसा आहे. मात्र शक्य असल्यास दोन्ही शेवट घेऊन ठेवावेत, म्हणजे दुसरा कोणी आपल्या नावाशेजारी दुकान थाटणार नाही.

27 ऑगस्ट 2014 पासून 'डॉट भारत' या शेवटासह देवनागरीतही नाव घेता येते. मराठी गिऱ्हाइकासाठी ही चांगली सोय आहे. पण काही ठिकाणी असा पत्ता किंवा त्यावरील ई-मेल अजून स्वीकारला जात नाही. त्यामुळे देवनागरी नाव जोडीला असावे, एकटे नसावे. शिवाय आपल्या शहराचे नाव कोणी 'नंदुरबार' लिहितो, कोणी 'नंदूरबार'. माणसाला दोन्ही एकच, पण संगणकाला ऱ्हस्व-दीर्घाचा फरक म्हणजे वेगळी अक्षरे.

फोनवर सांगून पाहा

रोमन अक्षरांतही हीच अडचण आहे. शेख हे आडनाव कोणी 'एस, एच, ए, आय, के, एच' असे लिहितो, तर कोणी 'ए'च्या जागी 'ई' घालतो. मन्सुरीमध्ये कोणी 'यू' लिहितो, कोणी 'डबल ओ'. मिरचीच्या शेवटी कोणाचा 'आय', तर कोणाचा 'डबल ई'. गिऱ्हाइकाने एक अक्षर चुकविले की ते दुसऱ्याच्या दारात जाते किंवा कोठेच पोहोचत नाही.

यावर सोपी कसोटी आहे. ठरविलेले नाव चार ओळखीच्या माणसांना फोनवर एकदाच सांगावे आणि लिहून पाठविण्यास सांगावे. चौघांनी एकसारखे लिहिले तर नाव पक्के समजावे. नाव आखूड असावे. नियमाने 63 अक्षरांपर्यंत मुभा आहे, पण एवढे कोण लिहिणार? मधली आडवी रेघ व आकडे शक्यतो टाळावेत, कारण ते बोलून सांगता येत नाहीत. बिलबुकावर आणि दुकानाच्या बोर्डावर जे स्पेलिंग आहे तेच येथे ठेवावे.

दुसऱ्याच्या नावाची नक्कल नको

प्रसिद्ध नावात एखादे अक्षर बदलून धंदा करण्याचा मोह महागात पडतो. 1999 मध्ये 'रेडिफ'च्या तक्रारीवरून मुंबई उच्च न्यायालयाने 'रॅडिफ डॉट कॉम' या नावाला मनाई केली. डोमेन नाव हा नुसता पत्ता नसून ट्रेडमार्कसारखेच संरक्षण मिळण्याजोगी वस्तू आहे, असे न्यायालयाने म्हटले. 2004 मध्ये 'सिफी' आणि 'सिफ्फीनेट' यांच्या वादात सर्वोच्च न्यायालयानेही हीच दिशा घेतली. म्हणून नाव घेण्यापूर्वी ट्रेडमार्क कार्यालयाच्या वेबसाईटवर ते शोधून पाहावे. उलट आपल्या जुन्या पेढीच्या नावावर कोणी 'इन'चे नाव बळकावले असेल, तर निक्सीच्या नियमांनुसार लवादाकडे दाद मागता येते. त्यासाठी जुनी बिले, परवाने व जाहिराती जपून ठेवाव्यात.

कागद कोणाच्या नावाचा?

सर्वांत महत्त्वाची बाब हीच. नोंदणीत ज्याचे नाव मालक म्हणून आहे, डोमेन त्याचे. वेबसाईट बनविणाऱ्याने ते स्वतःच्या नावावर घेतले, तर पैसे तुमचे आणि नाव त्याचे अशी स्थिती होते. पुढे त्याच्याशी बिनसले किंवा तो गाव सोडून गेला, तर वर्षानुवर्षे बिलांवर छापलेला पत्ता हातातून जातो. म्हणून नोंदणी पेढीच्या किंवा मालकाच्या नावावर असावी, खात्याला मालकाचाच ई-मेल व मोबाईल जोडलेला असावा, आणि पासवर्ड व पावती घरात असावी.

भागीदारीच्या व भावाभावांच्या धंद्यात तर जास्तच काळजी घ्यावी. वाटणीच्या वेळी गाळा, माल व उधारी यांची यादी होते, पण डोमेन नाव कोणाच्या ध्यानात येत नाही. ते कोणाकडे राहील हे भागीदारीच्या करारातच लिहून ठेवावे.

मुदत विसरू नका

डोमेन नाव कायमचे विकत मिळत नाही. ते एकावेळी 1 ते 10 वर्षांसाठी मिळते व पुन्हा पैसे भरून चालू ठेवावे लागते. पहिल्या वर्षाची सवलत पाहून भुलू नये, पुढील वर्षांचा दर आधी विचारावा. 'कॉम'च्या बाबतीत मुदत संपण्यापूर्वी साधारण महिनाभर आणि आठवडाभर आधी सूचना पाठविणे नोंदणी कंपनीवर बंधनकारक आहे. पण ती नोंदलेल्या ई-मेलवर येते. तो ई-मेल दुसऱ्याचा असेल तर सूचनाही दुसऱ्यालाच मिळते. मुदत टळून नाव रद्द झाले तर पुढे 30 दिवस ते जादा पैसे भरून सोडविता येते. त्यानंतर ते कोणीही घेऊ शकतो.

दुकानाचा भाडेकरार आपण दुसऱ्याच्या नावावर करीत नाही आणि त्याची तारीखही विसरत नाही. ज्यांची वेबसाईट आधीच चालू आहे त्यांनी आजच नोंदणीचा कागद मागवून त्यावर कोणाचे नाव आहे आणि मुदत केव्हा संपते, या दोन गोष्टी स्वतः वाचून घ्याव्यात.