कारखान्याचे बोलावणे

घरात पहिली गाडी येते तो दिवस कुटुंबाच्या आठवणीत कायमचा राहतो. गाडीला झेंडूचा हार घातला जातो, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक उमटते, चाकाखाली लिंबू ठेवले जाते, नारळ फुटतो. मग सगळे दाटीवाटीने आत बसतात आणि गाडी हळूहळू घराकडे निघते.

मार्च २०१० मध्ये मुंबईत मुलुंडला एक कुटुंब असेच नवी कोरी नॅनो घेऊन निघाले होते. घरी पोहोचण्याआधीच गाडीने रस्त्यात पेट घेतला. सुदैवाने आतली माणसे वेळीच बाहेर पडली, कोणाला इजा झाली नाही. गाडीचा मात्र कोळसा झाला. जळत्या गाडीचे ते छायाचित्र वर्तमानपत्रांतून घरोघरी पोहोचले.

नॅनो ही काही साधी गाडी नव्हती. ती एका स्वप्नाचे नाव होते. पावसात एकाच स्कूटरवर आईवडील आणि मुले जाताना पाहून आपल्याला या गाडीची कल्पना सुचली, असे रतन टाटा सांगत. जानेवारी २००८ मध्ये दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात तिचे दर्शन झाले आणि ‘लाखाची गाडी’ हा शब्द मराठी घरांतही रुळला. पण २००९ मध्येच काही नॅनो गाड्यांत स्टिअरिंगजवळच्या स्विचमध्ये शॉर्टसर्किट होऊन धूर निघाला होता. पाठोपाठ मुलुंडची घटना घडली आणि लोकांच्या मनात शंकेने घर केले.

कंपनीने तपास केला. आगीची कारणे त्या त्या गाडीपुरती आहेत, मूळ रचनेत दोष नाही, असा निष्कर्ष तिने जाहीर केला. तरीही नोव्हेंबर २०१० मध्ये, तोवर विकल्या गेलेल्या सुमारे ७० हजार गाड्यांच्या विजेच्या आणि धूर बाहेर टाकण्याच्या यंत्रणेला जादा संरक्षण फुकट बसवून देण्याची तयारी तिने दाखवली. मात्र याला ‘रिकॉल’ म्हणू नका, असेही बजावून सांगितले. त्याच महिन्यात नॅनोची विक्री अवघ्या ५०९ गाड्यांवर आली. शब्द टाळला, म्हणून भीती टळली नाही.

गाडी परत बोलावणे म्हणजे नाचक्की, ही समजूत आपल्याकडे कंपन्यांच्या मनात होती आणि गिऱ्हाइकांच्याही. वास्तविक हजारो सुटे भाग आणि तारांची भेंडोळी एकत्र बांधून केलेल्या यंत्रात एखादी चूक राहणे हे अघटित नव्हे. चूक कळल्यावर गप्प बसणे हा खरा गुन्हा. त्यातही वायरिंगचा दोष सर्वांत कपटी. ब्रेक लागत नसेल तर पायाला कळते, इंजिन बिघडले तर कानाला कळते. पण डॅशबोर्डमागे एखादी तार पत्र्याच्या कडेला घासून तिचे आवरण झिजत असेल, किंवा एखादा जोड सैल होऊन तापत असेल, तर ते कोणत्याच इंद्रियाला जाणवत नाही. जाणवतो तो थेट जळका वास, आणि तेव्हा हाताशी थोडाच वेळ उरलेला असतो.

गाडी चालू असायलाच हवी असेही नाही. अमेरिकेत फोर्ड कंपनीच्या गाड्या किल्ली काढून घरी उभ्या असताना पेटू लागल्या होत्या. दोष निघाला एका लहानशा स्विचमध्ये. ब्रेकवर पाय पडताच वेग कायम राखणारी यंत्रणा बंद करणे एवढेच त्याचे काम. त्याच्या आत ब्रेक ऑइल आणि वीज यांच्यामध्ये एक पातळ पडदा होता. तो तडकला की ऑइल विजेच्या भागात झिरपे, आणि त्या स्विचला गाडी बंद असतानाही बॅटरीचा प्रवाह मिळतच असे. १९९९ ते २००९ या दहा वर्षांत फोर्डने टप्प्याटप्प्याने दीड कोटीच्या घरात गाड्या परत बोलावल्या. उपाय काय होता? फ्यूज बसवलेला तारेचा एक तुकडा जोडणे!

अमेरिकेत सदोष गाड्यांबाबतचा कायदा १९६६ मध्येच झाला. आपल्याकडे वाहन उत्पादकांच्या संघटनेने २०१२ मध्ये स्वेच्छेने पाळायची आचारसंहिता केली. सरकारला सक्तीने गाड्या परत बोलावण्याचा अधिकार मिळाला तो मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने, आणि तो अमलात आला १ एप्रिल २०२१ पासून. आता कंपनीने टाळाटाळ केल्यास एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

कायदा आला, पण आपले काय? काही वर्षांपूर्वी आमच्याही गाडीसाठी कंपनीचे पत्र आले होते. ‘एक जोड तपासायचा आहे, गाडी आणावी, खर्च नाही.’ मी ते वाचले आणि विजेच्या बिलांच्या खणात ठेवून दिले. गाडी तर छान चालत होती! चार महिन्यांनी मुलीने खण आवरताना ते पत्र माझ्यापुढे धरले आणि विचारले, “बाबा, याच गाडीतून आपण आजीला गावी नेऊन आणली ना?” दुसऱ्या दिवशी सकाळी मी सर्व्हिस सेंटरच्या दारात होतो. काम अर्ध्या तासाचे होते.

गाडी जुनी घेतली असेल, तर असे पत्र पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जाण्याची शक्यता असते. तेव्हा आर. सी. बुकातला चॅसी नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये विचारावे. बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावरही तो पाहता येतो. फ्यूज वारंवार उडत असेल तर त्या जागी मोठा फ्यूज किंवा तारेचा तुकडा घालू नये. फ्यूज उडतो तो आपल्याला वाचवण्यासाठी. नाक्यावरच्या दुकानात हौसेने जादा दिवे, मोठा हॉर्न, म्युझिक सिस्टिम बसवताना मूळ तार सोलून जोड दिला जातो आणि वर चिकटपट्टी गुंडाळली जाते. त्या पट्टीखाली काय चालले आहे, ते कोणी पाहत नाही. आणि जळका वास आलाच, तर गाडी बाजूला घ्यावी, इंजिन बंद करावे, माणसे उतरवून लांब न्यावीत. सामान राहू द्यावे.

‘बोलावणे येणे’ याचा आपल्या भाषेत एक अशुभ अर्थ आहे. कारखान्याचे बोलावणे मात्र ते दुसरे बोलावणे लांबवण्यासाठीच असते. लिंबू आणि नारळ यांवर श्रद्धा जरूर ठेवावी. पण खणात पडलेले पत्रही आज एकदा बाहेर काढून वाचावे.