एक जिवाणू पुरत नाही

मुखेड परिसरात ऑगस्टमध्ये सोयाबीन फुलावर येते. तेव्हा एखादे झाड खुरप्याने मुळासकट उकरून मुळे पाण्यात धुवा. मुळांवर गोल गाठी दिसतील. गाठ नखाने फोडल्यावर आतून गुलाबी निघाली, तर आतले ब्रॅडिरायझोबियम जिवाणू हवेतला नत्र पिकाला देत आहेत असे समजावे. हा रंग लेगहिमोग्लोबिन या प्रथिनाचा. नत्र बांधणारे विकर प्राणवायूने बिघडते. लेगहिमोग्लोबिन तो प्राणवायू आवरून धरते.

पण या जिवाणूचे एकट्याने भागत नाही. नत्राचा एक रेणू बांधायला एटीपीचे, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या द्रव्याचे, किमान 16 रेणू खर्ची पडतात आणि एटीपीसाठी स्फुरद लागते. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत स्फुरद असते, मात्र कॅल्शियमने जखडलेले. बॅसिलस, स्युडोमोनास यांच्या काही जाती सेंद्रिय आम्ले सोडून ते मोकळे करतात. म्हणूनच बीजप्रक्रियेत रायझोबियमबरोबर पीएसबी, म्हणजे स्फुरद मोकळे करणारे हे जिवाणू, सांगितले जातात. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे ‘बायोमिक्स’ हेही उपयुक्त बुरशी आणि जिवाणूंचे मिश्रणच आहे.

मात्र एका बाटलीत भरले म्हणजे सूक्ष्मजीव एकमेकांना साथ देतीलच असे नाही. ही साथ मुद्दाम घडवून तपासता येते. 2007 मध्ये अमेरिकेत वेनयिंग शौ आणि सहकाऱ्यांनी यीस्टचे दोन वाण तयार केले. एकाला ॲडेनिन बनवता येत नव्हते, पण तो जादा लायसिन सोडे. दुसऱ्याचे नेमके उलट. एकटा वाण टिकेना, दोघे मिळून वाढले. पुढच्या प्रयोगांत त्यांनी फुकट घेणारे, काहीच न देणारे वाणही सोबत सोडले. काही वेळा या फुकट्यांनी सगळी वसाहतच बुडवली.

2017 मध्ये हार्वर्डच्या रॉबर्टो कोल्टर यांच्या गटाने मक्याच्या मुळांवर सात जिवाणूंचा समूह वसवला आणि दर वेळी त्यातला एकेक वगळून पाहिला. एंटरोबॅक्टर क्लोआके वगळताच बाकीचे जवळजवळ नाहीसे झाले आणि कर्टोबॅक्टेरियम एकटाच माजला. कोणाच्या आधारावर कोण उभा आहे, हे असे वगळून पाहिल्यावरच कळले.

हीच तपासणी मराठवाड्याच्या मातीत व्हायला हवी. बालाघाटच्या हलक्या रानात आणि नदीकाठच्या भारी जमिनीत तोच समूह तसाच टिकेल, हे गृहीत धरू नये. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातल्या आणि महाविद्यालयांतल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी इथल्याच गाठींतून जिवाणू वेगळे करावेत, त्यांचे समूह बांधावेत आणि एकेक वगळून शेतात पाहावेत.

तोवर शेतकऱ्यांनी एवढे सांभाळावे: बुरशीनाशक आधी, जिवाणू संवर्धक सर्वांत शेवटी, बियाणे सावलीत सुकवून लगेच पेरावे, बाटलीवरची मुदत पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. मेलेले जिवाणू नत्र देत नाहीत.